सांजावला विहिरीत उड्या कशासाठी?

प्रश्न : जूनमध्ये गोव्यातल्या बारदेश तालुक्यात गेलो होतो. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घातलेली माणसं भर पावसात भलत्याच्या विहिरीत धडाधड उड्या मारत होती, आणि विहिरीचा मालक ओरडायचं सोडून वर फेणी पाजत होता! हा कुठल्या संताचा सण? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो सांजाव, २४ जूनचा. संत म्हणजे बायबलमधला बाप्तिस्मा करणारा योहान. यार्देन नदीत लोकांना बाप्तिस्मा द्यायचा, त्यामुळे पाणी आलंच. पण उडीची गोष्ट त्याच्या जन्माच्याही आधीची आहे. लूकच्या शुभवर्तमानात असं येतं की येशूच्या वेळी गरोदर असलेली मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला गेली, तीही पोटुशीच होती, आणि मरियेचा आवाज कानावर पडताच अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे योहान, आणि विहीर म्हणजे आईचं पोट, असं गोव्यात सांगतात.

मला स्वतःला वाटतं यात पावसाचाही मोठा हात असणार. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात हाच सण आदल्या रात्री जाळ करून, उन्हाळ्याच्या मस्तीत साजरा होतो. गोव्यात तेव्हा मिरग लागून गेलेला, विहिरी वर आलेल्या, मग माणूस पाण्यातच शिरणार ना!

डोक्यावरच्या मुकुटाला कोपेल म्हणतात. घुमट (मातीचं तालवाद्य), कांसाळी (झांजा) वाजवत टोळकं वाड्यावरून फिरतं, ‘व्हिवा सांजाव’ ओरडतं, घरोघर फणस, फेणी, खाणंपिणं. सगळ्यात जास्त भाव नव्या जावयाला, लग्नानंतरच्या पहिल्या सांजावला सासू त्याला आवर्जून बोलावते, आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंड्याला बोलावतात तसंच. बारदेशातल्याच शिवोली गावात तर सजवलेल्या होड्या पाण्यातून वाजतगाजत येतात, एकदा बघाच. बाकी, पोटात फेणी असेल तर विहिरीपासून लांब राहा, काठावरूनही मजा येते.

प्रश्न : संतांचे सण त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतात ना? मग हा २४ जून कुठून आला? – एक वाचिका, वसई

उत्तर : बरोबर, बहुतेकांचे तसेच असतात. योहान अपवाद, त्याचा जन्मदिवस पाळतात, तसा मरियेचाही ८ सप्टेंबरला असतो (वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा त्याच सुमाराला भरते). तारखेचा हिशेब सोपा आहे, देवदूत मरियेकडे आला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता, म्हणजे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून नाताळच्या सहा महिने आधी. मग २५ का नाही म्हणाल, तर रोमन लोक पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उलटे दिवस मोजायचे, दोन्ही सण त्या एक तारखेच्या आधी सारख्याच अंतरावर धरले, आणि जून ३० चा, डिसेंबर ३१ चा, त्यात एक दिवस सरकला. योहानाचा हेरोद राजाने शिरच्छेद करवला तो दिवसही चर्च २९ ऑगस्टला पाळतं, पण त्या दिवशी कोपेलही नाही आणि उड्याही नाहीत.