वॉकीटॉकीवरून न्यू जर्सी, आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : मला नुकतंच हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेड लायसन्स मिळालंय, कॉलसाइन (हवेतली ओळख) व्हीयू३ने सुरू होणारा. हातातला पाच वॅटचा सेट घेतलाय पण घरातून जेमतेम शहराच्या वेशीपर्यंत आवाज जातो. न्यू जर्सीला मावसभाऊ आहे, त्याच्याशी या सेटवरून बोलता येईल असं कोणीतरी म्हणालं. खरंच का? (सांगली)

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. हो, येतं बोलता, फक्त सातासमुद्रापार तुमच्या लहरी जात नाहीत, इंटरनेट जातं. १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मधे टेकडी नाहीतर बिल्डिंग आली की संपलं, त्यात सेटची चूक नाही. म्हणून लोक एक लिंक स्टेशन उभं करतात, म्हणजे एक रेडिओ कॉम्प्युटरला जोडलेला. तुम्ही पीटीटी (पुश-टू-टॉक, बोलायचं बटण) दाबून बोललात की तो रेडिओ ऐकतो, कॉम्प्युटर त्या आवाजाचा डेटा करून नेटवर पाठवतो आणि तिकडच्या टोकाला तसाच दुसरा रेडिओ तो पुन्हा हवेत सोडतो. ही कल्पना जुनी आहे, अशा लिंकचं आयआरएलपी नावाचं जाळं कॅनडात १९९७ला सुरू झालं, २००२ला इकोलिंक नावाचं दुसरं आलं. इकोलिंकमधे तर रेडिओसुद्धा लागत नाही, मोबाइल अ‍ॅपवरूनही शिरता येतं, त्यामुळे काही जुने हॅम नाकं मुरडतात की हा कसला रेडिओ. माझं म्हणणं, नवीन माणसाला ऐकायला मिळतं, बोलायची भीड मोडते, मग मोडू दे ना.

इकोलिंकवर नोंदणी करताना लायसन्सची प्रत पाठवून कॉलसाइन तपासून घ्यावा लागतो. त्यामुळे भावाकडेही लायसन्स हवंच, तिकडची टेक्निशियन परीक्षा ३५ प्रश्नांची असते आणि मोर्स लागत नाही, त्याला बसवा. पहिल्यांदा ९९९९ या टेस्ट नंबरला जोडा, तुमचाच आवाज परत ऐकू येतो, माइक फाटतोय का ते लगेच कळतं. घरच्या राउटरवर यूडीपी ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट उघडे लागतात, मोबाइल डेटावर ते बहुतेक उघडता येत नाहीत म्हणून अ‍ॅपमधे रिले किंवा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, निवडायचं. जवळपास लिंक असेल तर सेटच्या कीपॅडवरून नोड नंबर (समोरच्या स्टेशनचा नंबर) दाबूनही जोडता येतं, पण ते ज्याचं स्टेशन आहे त्याला विचारून. स्वतःचं लिंक स्टेशन टाकायचा विचार असेल तर आधी लायसन्सच्या अटी वाचा आणि डब्ल्यूपीसीकडून (दूरसंचार खात्याची रेडिओ परवाने देणारी शाखा) लेखी विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोला, नाहीतर "नमस्कार"मधलं "स्कार"च तिकडे पोचतं, कारण मधल्या प्रत्येक रेडिओला जागं व्हायला वेळ लागतो. आणि समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच झडप घालू नका, दोन-तीन सेकंद मोकळे सोडा, त्या फटीत तिसऱ्या माणसाला आत यायला मिळतं, तो कदाचित अडचणीत असेल. मोबाइलवरून शिरलात तर टीव्ही बंद करा, तुमच्या घरातली मालिका तिकडच्या अख्ख्या गावाच्या रेडिओवर वाजते. आणि हे बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, तेव्हा जमिनीचे व्यवहार आणि सासरच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर. धंद्याचं बोलणं तर हॅमवर मुळीच चालत नाही.

प्रश्न : आमच्या ट्रेक ग्रुपने ऑनलाइन वॉकीटॉकी घेतलेत, लायसन्स कुणाकडेच नाही. घाटातून पुण्यातल्या घरी नेटने लिंक करता येईल का? (पुणे)

उत्तर : दादा, नाही. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट २०१८ पासून लायसन्सशिवाय चालतात, तुमचे त्यातले आहेत का हे आधी बघा, नसतील तर वापरू नका. असले तरी ते पुढच्या-मागच्या टोळीत बोलायला. घरी कळवायचं तर मोबाइलवरचं पुश-टू-टॉक अ‍ॅप घ्या, पण जिथे रेंजच नाही तिथे तेही गप्प आणि लिंकही गप्प. निघायच्या आधी वाट आणि परतायची वेळ घरी लिहून द्या.

प्रश्न : पुरात मोबाइल टॉवर बंद पडले तर ही लिंक उपयोगी पडेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नेट गेलं की लिंक गेली. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सहकाऱ्यांनी निरोप पोचवले ते थेट एचएफ रेडिओवरून, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींवरून, मधे इंटरनेट नव्हतं. तेव्हा लिंक सरावाला ठेवा, पण पुराच्या तयारीत एचएफ सेट, तारेचा अँटेना आणि चार्ज केलेली गाडीची बॅटरी हवी, आणि ते चालवणारी दोन तरी माणसं गावात हवीत.