नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी थोडं

सर, अभिनंदन. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली नेमणूक म्हटल्यावर तुम्ही उत्साहाने सगळा गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकणार, हे ओघानं आलंच. टाका, पण आधी प्रत्येक घरातला फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो ते विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठनंतर मुलांच्या हाती येतो. दुपारी पाठवलेला अभ्यास संध्याकाळी पाचला मागण्यात अर्थ नाही.

बऱ्याच घरांत अभ्यास बघतात ते आजी-आजोबा. त्यांना लांबलचक मेसेज वाचायचा कंटाळा येतो. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप मात्र ते दोनदा ऐकतात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड पालकसभेत एकदा स्वतः स्कॅन करून दाखवा. त्यांतून दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. २०१७ पासूनचं ॲप आहे, तरी कित्येक पालकांना तो कोड म्हणजे पैसे भरायचाच वाटतो!

आता मुलांचं. रील सरकवणारं पोर संगणकात हुशार असतं, हा आपल्या पिढीचा भाबडेपणा. सातवीतला मुलगा माइक दाबून बोलून सगळं शोधतो, पण फाइल कुठे जतन झाली हे त्याला सांगता येत नाही. जोडाक्षर टाइप करताना अडतो. यूट्यूबवरचं उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवतो. म्हणून ‘हे कुणी सांगितलं?’ एवढं रोज विचारा.

आणि शाळेतल्या जुन्या बाईंना ॲप शिकवताना मोबाईल त्यांच्याच हातात राहू द्या.