जुन्या गाडीचा एसी दुपारी सिग्नलला गार हवा देत नाही : गॅस भरावा की कॉम्प्रेसर बदलावा?

आपण लिहिले आहे की, २००६ सालच्या आपल्या पेट्रोल हॅचबॅकचा एसी सकाळी आणि हायवेवर चांगली गार हवा देतो, पण दुपारी पुण्याच्या रहदारीत सिग्नलला गाडी थांबली की हवा कोमट होते. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत आपण गॅस भरून घेतला आहे, आता गॅरेजमधून कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, आणि त्यापेक्षा बाजारातून डबा आणून घरीच गॅस भरावा का, असा आपला प्रश्न आहे. मी वाहनांच्या एसीचेच काम करतो आणि मार्च उजाडला की याच तक्रारीच्या गाड्या दारात उभ्या राहतात. आपल्या वर्णनावरून मी गॅस आणि कॉम्प्रेसर या दोघांवर सर्वांत शेवटी संशय घेईन.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबून ढकलतो आणि तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता घेतो आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला देतो. म्हणून गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळाला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच वाटेने निघून जाणार. शिवाय गॅस खरोखर कमी असेल तर गारवा सकाळीही बेताचाच मिळतो आणि कॉम्प्रेसर वरचेवर लागत-सुटत राहतो. आपल्या गाडीला वेग असताना एसी उत्तम चालतो आणि थांबल्यावर नाही, याचा सरळ अर्थ असा की धावताना समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो आणि उभ्या गाडीत तेच काम करणारा पंखा कमी पडतो.

म्हणून आधी पंखा पाहावा. दुपारी बॉनेट उघडून इंजिन आणि एसी चालू करावा आणि कंडेन्सरचा पंखा फिरतो का, ते पाहावे. हात व सैल कपडे दूर ठेवावेत, कारण हा पंखा केव्हाही अचानक सुरू होतो. तो नुसता फिरतो यावर समाधान मानू नये. पंख्याच्या जुन्या मोटारीचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) झिजले की पंखा फिरताना दिसतो, पण त्याला जोर नसतो. पूर्वी आम्ही रेडिएटरच्या पुढे कागद धरून तो ओढला जातो का, ते पाहायचो, आणि ती पद्धत आजही चालते. त्याहून खात्रीची परीक्षा पाण्याची आहे. उभ्या गाडीत हवा कोमट होऊ लागली की दुसऱ्या कोणाला तरी समोरच्या जाळीतून फक्त कंडेन्सरवर मगाने हळूहळू पाणी ओतायला सांगावे आणि आपण आत बसून झरोक्यापाशी हात धरावा. वायरिंगच्या जोडांवर पाणी उडू देऊ नये. एखाद्या मिनिटात हवा पुन्हा गार झाली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर दोन्ही शाबूत असून दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, असे समजायला हरकत नाही. मग पंख्याची मोटार, तिचा रिले (तिला वीज जोडणारा स्विच), फ्यूज आणि कंडेन्सरच्या पात्यांत साचलेली माती व किडे एवढेच तपासायचे उरते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धुळीचा थर बसतो आणि तो पुढून दिसतच नाही. तो साध्या नळाच्या पाण्याने धुवावा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पाती मुडपतात आणि वाऱ्याची वाट कायमची अडते.

दुसरी शक्यता मॅग्नेट क्लचची, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारी पुली कॉम्प्रेसरला जोडणाऱ्या विद्युत-चुंबकी भागाची आहे, आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ असे सांगितलेल्या जुन्या गाड्यांत ती मला वारंवार आढळते. एसी सुरू करताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो क्लचची तबकडी पुलीला चिकटल्याचा असतो. या दोहोंतले अंतर साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावे लागते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ते वाढते, आणि क्लचची कॉइल तापली की तिची ओढ कमी होऊन तबकडी सुटते. म्हणजे सकाळी सर्व ठीक आणि दुपारी क्लच सुटलेला. हवा कोमट झाली त्याच क्षणी कॉम्प्रेसरच्या पुलीचा मधला भाग फिरतो की स्थिर आहे, हे पाहिले की उलगडा होतो. तो स्थिर असेल आणि कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट मिळत असतील, तर पुष्कळ कॉम्प्रेसरमध्ये तबकडीमागची एक पातळ चकती काढून अंतर पुन्हा जुळवता येते. या कामाचा खर्च नव्या कॉम्प्रेसरच्या पासंगालाही पुरत नाही.

हे दोन्ही ठीक निघाले तरच गेज (गॅसचा दाब मोजणारे मीटर) लावायची वेळ येते. गॅरेजवाल्यांना कॉम्प्रेसरबद्दल हो म्हणण्यापूर्वी लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) आणि हाय साइड (त्यातून निघणारी जास्त दाबाची बाजू) यांचे आकडे विचारावेत आणि शक्यतो समोर उभे राहून पाहावेत. आपल्या गाडीत आर-१३४ए हा गॅस असणार. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना इंजिन थोडे वाढवून ठेवले, तर लो साइड साधारण ३० ते ४५ पीएसआय (दाबाचे एकक) आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय दिसायला हवी. दोन्ही आकडे खाली असतील तर गॅस कमी आहे. लो साइड वर चढलेली, हाय साइड मात्र उठतच नाही, असे असेल तर कॉम्प्रेसर खरोखर थकला आहे आणि गॅरेजचा सल्ला बरोबर आहे. दोन्ही वर असून हाय साइड ३०० च्या पुढे जात असेल, तर कंडेन्सर तुंबला आहे, पंखा मंद आहे, आत हवा शिरली आहे किंवा गॅस जास्त झाला आहे. आपल्या बाबतीत मला या शेवटच्या कारणाचीही शंका येते. दोन वेळा गॅस भरताना आधीचा पूर्ण काढून नवा वजन करून घातला होता का? अंदाजाने वर भरलेला जादा गॅस कंडेन्सरमध्ये जागा अडवतो, दाब वाढवतो आणि गारवा घटवतो. तो कमी असो वा जास्त, आत बसणाऱ्याला तक्रार एकच जाणवते.

गेज बंद गाडीला लावून वाचला, तर त्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही. ३० अंशाला आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, आणि आत द्रवरूप गॅस थोडा असो की भरपूर, तो तेवढाच राहतो. तरीही ‘बघा, प्रेशर आहे’ असे सांगून गाडी परत देणारे भेटतात.

गळती असलीच तर तिच्या जागा ठरलेल्या असतात. गॅसबरोबर आतले तेलही झिरपते आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे नळीच्या जोडावर तेलकट काळा डाग दिसला की तिथली ओ-रिंग (रबरी कडी) संशयास्पद समजावी. सर्व्हिस पोर्टची (गॅस भरण्याच्या तोंडाची) पिन तर फारच स्वस्त वस्तू आहे, आणि टोपण हरवलेल्या पोर्टवर साबणाचा फेस लावून पाहायचे कष्ट कोणी घेत नाही. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचे शाफ्ट सील आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल ही महागातली ठिकाणे. आपल्या गाडीला केबिन फिल्टर नसेल, तर कॉइलवर पाने आणि ओली धूळ साचून ॲल्युमिनियम कुजते. पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी तेलाचा तवंग दिसला, तर कॉइलच गळते आहे असे समजावे. रिकाम्या यंत्रणेत नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणे उत्तम. पंक्चरवाल्याच्या हवेत बाष्प असते, आणि ऑक्सिजन तर कदापि वापरू नये, कारण आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

आता घरी डबा आणून भरण्याविषयी. गॅस भरणे हे शेवटचे आणि सोपे काम आहे, पण त्याआधीचे काम व्हॅक्यूम पंपाशिवाय होत नाही. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायर (आतले बाष्प शोषणारी डबी) बदलावा, जेवढे तेल बाहेर गेले तेवढेच आणि कॉम्प्रेसरला चालणारेच तेल घालावे, आणि मग अर्धा ते पाऊण तास व्हॅक्यूम ओढावा, म्हणजे पंपाने आतली हवा काढून टाकावी. यामुळे हवेबरोबर आतले पाणीही उकळून वाफ होऊन निघते. पाणी राहिले तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या आधीच्या बारीक छिद्राच्या झडपेत) त्याचा बर्फ होऊन गारवा येतो-जातो, शिवाय आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो. पुण्यात गेजची सुई पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास थांबली तर पंपाला दोष देऊ नये. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे आणि हवेचा दाबच तितका आहे. पंप बंद केल्यावर सुई जागची हलता कामा नये. त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिले असतील तेवढाच गॅस काट्यावर डबा ठेवून घालावा. लहान गाड्यांत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो, त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. इंजिन चालू असताना हाय साइडची चावी उघडली तर उलटा दाब डब्यात जाऊन डबा फुटू शकतो, आणि द्रव गॅस त्वचेवर वा डोळ्यांत उडाला तर हिमदंश होतो. पंप, गेज आणि काटा यांवाचून नुसता डबा आणणार असाल, तर माझे उत्तर स्पष्टपणे ‘नको’ असे आहे.

डबा कोणीही आणला तरी तो खात्रीच्या दुकानातला असावा. नकली आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेले आढळले आहे आणि ते ॲल्युमिनियमशी धोकादायक अभिक्रिया करते. २०११ मध्ये जहाजांतून माल नेणाऱ्या शीत-कंटेनरांचे कॉम्प्रेसर अशाच गॅसमुळे फुटून माणसे दगावली होती. गळती बुजवण्याचे रसायन मिसळलेले डबेही घेऊ नयेत, ते व्हॉल्व्ह तुंबवतात.

दुरुस्तीनंतर मधल्या झरोक्यात थर्मामीटर खोचून, आतली हवाच फिरवण्याच्या बटणावर, दहा मिनिटे गाडी चालवून पाहावी. बाहेर ३५ अंश असताना ८ ते १२ अंश मिळाले, तर या वयाच्या गाडीकडून आणखी अपेक्षा करू नये. रत्नागिरीच्या दमट हवेत दोन-तीन अंश वर गेले तरी चालेल. पावसाळ्यात आणि थंडीतही आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे एसी चालवत जावा, म्हणजे शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहते आणि मार्चमध्ये पहिल्यांदा बटण दाबताना गॅस गळालेला आढळण्याची शक्यता कमी होते.