बाबा साला एवढे लोकप्रिय, मग गाजलेल्या चित्रपटानंतरही कर्जात कसे बुडाले?

बाबा साला हे नायजेरियाचे विनोदी नट आणि निर्माते; तुम्ही विचारताय तो त्यांचा चित्रपट म्हणजे 'ओरुन मूरू' (१९८२, दिग्दर्शक ओला बालोगुन). तो पडला नव्हता. लोकांना हवा होता, पण लोकांचा पैसा निर्मात्यापर्यंत पोचलाच नाही.

बाबा साला यांचं खरं नाव मोझेस ओलाइया आदेजुमो (१९३६–२०१८). सुरुवात हायलाइफ या पश्चिम आफ्रिकी नाचाच्या संगीतातून. १९६४ मध्ये त्यांच्या 'फेडरल रिदम डँडीज' या वाद्यवृंदात पुढे प्रसिद्ध गायक झालेले किंग सनी आदे गिटारवर होते. मग 'अलावादा' ही नाटक कंपनी. तिथं त्यांचं पात्र ठरलेलं: प्रचंड मोठा चष्मा, छातीभर बो टाय, मनगटावर अवाढव्य घड्याळ, आणि स्वभावानं कंजूष, बाईवेडा म्हातारा. योरुबा (नैऋत्य नायजेरियातला समाज आणि भाषा) फिरत्या कंपन्यांत विनोद तोंडी लावण्यापुरता असायचा; त्यांनी अख्खा प्रयोग त्यावर उभा केला. माझ्या मते ही कामगिरी त्यांच्या सगळ्या चित्रपटांहून मोठी आहे. इबादान शहरातल्या टीव्हीनं ती घराघरात नेली.

आता पैशाचं. लागोस-इबादानच्या थिएटरांना लेबनीज वितरकांकडून मुंबईचे हिंदी, हाँगकाँगचे आणि अमेरिकी सिनेमे स्वस्तात मिळत. योरुबा चित्रपटाला आगाऊ रक्कम देणारा वितरक जवळपास नव्हताच. म्हणून ह्युबर्ट ओगुंडे, आदे लव्ह, बाबा साला हे नाटकातून सिनेमात आलेले सगळे नाटकाच्याच पद्धतीनं चालले: स्वतःचे किंवा कर्जाचे पैसे घालायचे, प्रिंट (चित्रपटाची प्रत) गाडीत टाकून गावोगाव जायचं, सभागृह भाड्यानं घ्यायचं, दारावर तिकीट फाडायचं.

नाटकात हे जमतं, कारण नट स्वतः आल्याशिवाय प्रयोग होत नाही. चित्रपटाचं तसं नाही. ३५ मिमीचं १००० फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं, म्हणजे दीड तासाला आठ-नऊ रिळं. रंगीत फिल्म धुण्या-छापण्याचं काम परदेशात, परकीय चलनात. त्यामुळे प्रिंट मोजक्याच निघत, आणि एका गावातून दुसऱ्या गावी जाता जाता वसुलीला महिनोन्‌महिने लागत. तेवढ्या काळात एक प्रत जरी चोरट्यांच्या हाती गेली, तरी व्हीएचएस कॅसेट निर्मात्याच्या आधी पुढच्या गावी पोचते. 'ओरुन मूरू'चं हेच झालं. लोक घरी बघून मोकळे झाले, सभागृहं रिकामी राहिली, कर्ज मात्र तसंच.

पुढे 'आरे आग्बाये' आणि 'मोसेबोलातान' आले, पण तो फटका भरून निघाला नाही. १९८६ नंतर नायरा हे नायजेरियाचं चलन घसरल्यावर तर परदेशी फिल्म कुणालाच परवडेना. १९८८ च्या सुमारास योरुबा मंडळी थेट व्हिडिओवरच चित्रण करून कॅसेट स्वतः विकू लागली. नॉलिवूड म्हणतात त्या नायजेरियाच्या चित्रपटउद्योगाची एक मुळी इथली आहे, आणि १९९२ साली लागोसमध्ये इग्बो भाषेत आलेल्या 'लिव्हिंग इन बाँडेज'पासूनच सगळं सुरू झालं असं कुणी सांगितलं, तर या योरुबा कंपन्यांची नावं जरूर पुढे करा.