जन्मनोंद सापडत नाही? आधी पणजीचं माहेर विचारा

आजोबांची नोंद पुण्यात नाही म्हणून खचू नका. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी व्हायचं, तेव्हा पणजीचं माहेर कुठलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. गाव कळलं की तिथल्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही), मागा. शहरातल्या नोंदींसाठी महापालिका.

नवखे हमखास इथे चुकतात:

- बाळाचं नाव शोधतात. नोंद बारशाआधीची असली तर नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. वडिलांच्या नावाने शोधा.
- एकच साल धरून बसतात. शाळेच्या दाखल्यावरची तारीख अनेकदा अंदाजे असते. मागची-पुढची वर्षंही चाळा.

जुनी लग्नं क्वचितच नोंदलेली असतात, ती सध्या सोडा. पान मोडी लिपीत लिहिलेलं निघालं तरी घाबरू नका, नक्कल घ्या. वाचून देणारे पुण्यात मिळतात.