कपाळावरची आठी आणि आपलं ऊन

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. सत्ताविशीतच सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं का, की पैसे पाण्यात जातील, असं विचारलंयस. जळगावचं ते क्लिनिक हप्त्याने करून देतंय, हेही लिहिलंयस. माझं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलंय, म्हणून माझं मत स्पष्टच सांगते.

बोटॉक्स थोतांड नाही. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ सालीच त्याला मान्यता मिळाली. स्नायूला आखडण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशीच अडतो आणि आठी पडत नाही. पण तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. भाड्याच्या घरासारखंच ते, पैसे भरत राहायचं तोवरच आपलं. आणि तू पाठवलेल्या फोटोत चेहरा निवांत असताना कपाळावर एकही रेघ दिसत नाही. दिसतो तो गालांवरचा वांगासारखा काळपटपणा. आपल्या सावळ्या कातडीत डाग आधी येतात, सुरकुत्या बऱ्याच उशिरा. वांगावर बोटॉक्सचा काही उपयोग नाही. म्हणून हे हप्ते तू घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

मग पैसे कुठे घालावेत? उन्हापासून वाचण्यात. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा आपण तोंड झाकतो, पण श्रावणात ढग आले की स्कार्फ कपाटात जातो. कातडी म्हातारी करणारे यूव्हीए किरण ढगांतून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. २०१२ साली एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुत्यांनी भरलेला. उजवा त्याच माणसाचा वाटू नये इतका तरुण. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा एसटीच्या जुन्या ड्रायव्हरचा उजवा गाल कधी निरखून बघ.

ऑस्ट्रेलियात नऊशेहून जास्त लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, २०१३ मध्ये निष्कर्ष आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली होती. ती माणसं बहुतेक गोरी, हे खरं. पण उन्हाने वांग वाढतो, ही गोष्ट आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त लागू आहे. एसपीएफ ३० किंवा ५०, डबीवर पीएच्या (यूव्हीएपासून किती बचाव होतो ते सांगणारी खूण) पुढे तीन-चार अधिक चिन्हं, आणि चेहरा-मानेला दोन बोटं भरून. मुली मटारच्या दाण्याएवढं लावतात नि उपयोग नाही म्हणतात. स्कूटीवर स्कार्फ बांधतेस ते उत्तमच, पण डोळ्यांभोवतीचा भाग उघडा राहतो आणि बारीक रेघा पहिल्यांदा तिथेच येतात. तिथे गॉगल हवा.

सुरकुत्यांवर पुरावा असलेलं दुसरं औषध ट्रेटिनॉइन. रात्री लावायचं, पहिले काही आठवडे कातडी सोलते, फरक दिसायला महिने लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घे, आणि बाळाचा विचार असेल तेव्हा अजिबात नको.

चाळिशीत आठी खरंच खुपायला लागली तर बोटॉक्स जरूर कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त सुई धरणारा त्वचारोगतज्ज्ञ असावा. पाटीवरची पदवी वाच. फिलरबद्दल, म्हणजे गाल-ओठ भरण्यासाठी सुईने कातडीखाली घालतात त्या जेलबद्दल, मात्र दहा वेळा विचार कर. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारं हायलुरॉनिडेज हाताशी आहे का, हे न विचारता खुर्चीत बसू नकोस.

आणि पत्रात शेवटी ओझरतं लिहिलेल्या त्या क्रीमने माझी झोप उडवलीय. पार्लरवालीने दिलेली, चेहरा आठ दिवसांत उजळवणारी. अशा क्रीममध्ये बऱ्याचदा मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. आधी गाल चकाकतात, मग कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग होते. काउंटरवर ओढणीआड चेहरा लपवून आलेल्या कितीतरी पोरी मी पाहिल्यात. डबीच्या सगळ्या बाजूंचे फोटो आजच पाठव, लेबल नसेल तर तसं लिही. बरेच महिने लावत असशील तर एकदम बंद करू नकोस, या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञाला दाखव आणि डबी सोबत ने.

तुझी,
काकू