‘वेस्टर्न ब्लॉट’ म्हणजे ‘पाश्चात्य डाग’?

दादरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. प्रथिनं ओळखण्याच्या चाचण्यांवरचं एक पत्रक त्या तपासत होत्या. त्यात ‘वेस्टर्न ब्लॉट’चा ‘पाश्चात्य डाग’ केलेला दिसला. बरोबर आहे का?

नाही हो. यातल्या वेस्टर्नचा पश्चिमेशी संबंध आहे तो फक्त कोटीपुरता. १९७५ साली एडविन सदर्न या ब्रिटिश शास्त्रज्ञाने डीएनए टिपायची पद्धत काढली, ती त्याच्या आडनावावरून सदर्न ब्लॉट झाली. पुढे आरएनएची पद्धत आली, तिला गमतीने नॉर्दर्न म्हटलं गेलं. मग १९८१मध्ये नील बर्नेटने प्रथिनांच्या पद्धतीला वेस्टर्न हे नाव दिलं. म्हणजे मुळात आडनाव आणि पुढे दिशांची कोटी! सदर्नला ‘दाक्षिणात्य’ करणं म्हणजे आपल्या गोरे आडनावाच्या माणसाला इंग्रजीत व्हाइट म्हणण्यासारखं. इंग्रजीत सदर्नचं पहिलं अक्षर मोठं आणि वेस्टर्नचं बरेचदा लहान लिहितात, त्यातून हा फरक कळतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून गफलत होते.

आता ‘डाग’. परळच्या एका प्रयोगशाळेत हे काम जवळून पाहिलं आहे. आधी जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या मऊ थरात, वीज सोडून प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करतात. लहान पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग जेलवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ पडदा ठेवून दोन्ही बाजूंनी ओले कागद लावतात. तिथली मुलगी त्यावरून काचेची नळी लाटण्यासारखी फिरवत होती, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरी राहते. पुन्हा वीज सोडली की प्रथिनं जेलमधून पडद्यावर उतरतात. पुढे पडदा दुधाच्या पावडरीच्या द्रावणात भिजवतात (हो, साधी साय काढलेल्या दुधाची पावडर!), म्हणजे पुढे सोडायची प्रतिपिंडं (हवं ते प्रथिन ओळखून त्यालाच चिकटणारे रेणू) भलत्या जागी चिकटत नाहीत. शेवटी हवं ते प्रथिन पट्टीसारखं उमटतं. प्रयोगशाळेत सगळे ‘बँड आला का?’ असंच विचारतात, डागाचं नावही कुणी काढत नाही. ‘ठिपका’ही नको, कारण डॉट ब्लॉट ही वेगळीच पद्धत आहे.

ब्लॉट म्हणजे इथे टिपून घेणं. शाईच्या पेनाच्या काळातला टीपकागद आठवा: अक्षरांवर दाबला की शाई त्यावर उलटी उमटायची. हा पडदाही जेलमधली प्रथिनं तशीच टिपतो. पाखरू दाणे टिपतं, पदराने डोळे टिपतात, कॅमेरा क्षण टिपतो, त्यातलंच हे क्रियापद. नुसतं ‘टिपण’ मात्र चालणार नाही, वाचकाला वही आठवेल.

तेव्हा ताई, नाव ‘वेस्टर्न ब्लॉट’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जेलमधली प्रथिनं पडद्यावर टिपून ओळखण्याची चाचणी’ एवढं जोडा. ‘प्रथिन’ शब्दाला हात लावू नका. प्रोटीनचं ग्रीक मूळही ‘पहिल्या दर्जाचं’ असंच आहे, आणि आपल्या शब्दात ‘प्रथम’ ऐकू येतं.